शंभर सह्या आणि २१८ मतं : अमेरिकेतल्या 'मेडिकेअर फॉर ऑल' गटाचं प्रकरण

१९ जुलै २०१८ रोजी अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहातल्या साठाहून अधिक डेमोक्रॅटिक सदस्यांनी एकत्र येऊन 'मेडिकेअर फॉर ऑल कॉकस' नावाचा गट स्थापन केला. सहअध्यक्ष तीन : सिॲटलच्या प्रमिला जयपाल, मिशिगनच्या डेबी डिंगेल आणि मिनेसोटाचे कीथ एलिसन. देशातल्या प्रत्येक रहिवाशाच्या उपचारांचा खर्च एकाच सरकारी निधीतून भागवावा आणि खासगी विमा कंपन्यांची मधली फळी काढून टाकावी, ही त्यांची मागणी. डॉक्टर आणि हॉस्पिटलं होती तशीच राहतील, बिल भरणारं मात्र एकटं सरकार असेल. या पद्धतीला सिंगल-पेयर म्हणतात.

त्यानंतर या गटाचं विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं गेलं, पण सभागृहात ते एकदाही मतदानाला आलं नाही. तरीही लोकप्रतिनिधी एखाद्या मोठ्या बदलासाठी स्वतःला कसं संघटित करतात हे ज्याला समजून घ्यायचं असेल, त्यानं हे प्रकरण बारकाईनं पाहावं. वर्षानुवर्षं घोषणा म्हणून फिरणाऱ्या मागणीचा या गटानं नीट मसुदा केला, तिला समितीपुढे सुनावणी मिळवून दिली. पुढे मात्र गाडी अडली. विमा आणि औषध कंपन्यांनी विरोधात ताकद लावली हे खरंच; पण माझ्या मते त्याहून मोठी अडचण मसुद्यातच होती. पैसा कुठून आणि कसा येणार, हे प्रकरण त्यात लिहिलेलंच नव्हतं.

मुळात दुखणं काय आहे

अमेरिकेत पासष्टीच्या आतल्या बहुतेकांचा आरोग्य विमा नोकरीतून येतो. हप्त्याचा मोठा वाटा कंपनी भरते, उरलेला पगारातून परस्पर कापला जातो. एवढं करूनही वर्षाची ठरावीक रक्कम आधी खिशातून भरायची, मग विमा लागू होणार. प्रत्येक भेटीला वेगळा कोपे, म्हणजे रुग्णानं भरायची ठरावीक रक्कम. आणि डॉक्टर 'नेटवर्क'मध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या यादीत, नसेल तर बिल आपल्याच गळ्यात. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी घरांना हे सांगायला नको. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की एकीकडे नवी नोकरी शोधायची साठ दिवसांची मुदत सुरू होते आणि दुसरीकडे सगळ्या कुटुंबाचा विमा जातो. तो चालू ठेवायचा तर कंपनीचा वाटासुद्धा स्वतः भरायचा, तोही पगार बंद असताना.

जनगणना विभागाच्या आकडेवारीनुसार २०१८ मध्ये दोन कोटी ७५ लाख लोक विम्याविना होते. त्याच वर्षी देशाच्या सकल उत्पन्नाचे १७.७ टक्के आरोग्यावर खर्च होत होते.

पासष्टीपुढच्यांसाठी मात्र मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिझुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी जाऊन त्या कायद्यावर सही केली आणि पहिलं कार्ड माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना दिलं, कारण राष्ट्रीय आरोग्य विम्याची मागणी ट्रुमन यांनी १९४५ मध्येच केली होती आणि तेव्हा ती हाणून पाडली गेली होती. 'मेडिकेअर फॉर ऑल' या नावात म्हणूनच ताकद आहे. आई-वडिलांना मिळणारी आणि लोकांच्या विश्वासाची योजना सगळ्यांना द्या, एवढं म्हटलं की मागणी समजते.

गट कशासाठी हवा होता

डेट्रॉइटचे जॉन कॉनयर्स यांनी २००३ मध्ये सिंगल-पेयरचं विधेयक मांडलं, एच.आर. ६७६. त्यानंतर दर दोन वर्षांनी येणाऱ्या नव्या संसदेत तेच विधेयक त्याच क्रमांकानं येत राहिलं. तीसेक पानांचा तो दस्तऐवज तत्त्वांची यादी म्हणून उत्तम होता, पण उद्या कायदा म्हणून राबवता येईल इतका तपशील त्यात नव्हता. सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, तर अवस्था याहून बिकट होती. व्हर्मांटचे सिनेटर बर्नी सँडर्स यांनी २०१३ मध्ये विधेयक मांडलं तेव्हा त्यांना एकही सहप्रस्तावक मिळाला नाही.

राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी सँडर्स यांनी केलेल्या २०१६ च्या प्रचारानं वारं फिरलं. मग २०१७ मध्ये रिपब्लिकन पक्षानं ओबामाकेअर, म्हणजे ओबामांच्या काळातला आरोग्य विमा कायदा, रद्द करायचा घाट घातला आणि २८ जुलैच्या पहाटे त्यांच्याच पक्षाच्या जॉन मॅकेन यांच्या नकारानं तो सिनेटमध्ये कोसळला. आहे ते वाचवण्यात वर्ष घालवलेल्या डेमोक्रॅट्सना आता स्वतःचं काही मागावंसं वाटू लागलं. त्याच सप्टेंबरात सँडर्स यांच्या नव्या विधेयकावर १६ सिनेटरांची नावं लागली आणि पुढे प्रतिनिधीगृहात एच.आर. ६७६ च्या सहप्रस्तावकांचा आकडाही १२० च्या वर गेला. डेमोक्रॅटिक पक्षाचे निम्म्याहून अधिक सदस्य त्यात होते. लैंगिक छळाच्या आरोपांनंतर कॉनयर्स यांनी डिसेंबर २०१७ मध्ये राजीनामा दिला आणि विधेयकाची धुरा एलिसन यांच्याकडे आली.

पण सहप्रस्तावक होण्याची किंमत काय असते? सभागृह विरोधी पक्षाच्या ताब्यात, विधेयक पटलावर यायची शक्यता शून्य. अशा वेळी नाव दिलं की मतदारसंघातले कार्यकर्ते खूश होतात आणि कुणाशी वाकडं घ्यावं लागत नाही. यातल्या कितीजणांनी विधेयक वाचलं होतं, हॉस्पिटलांना पैसे कसे दिले जाणार हे विचारल्यावर कितीजणांना सांगता आलं असतं, हा खरा प्रश्न होता, आणि जयपाल यांनी तो ओळखला असं मला वाटतं. चेन्नईत जन्मलेल्या, सोळाव्या वर्षी एकट्या अमेरिकेत शिकायला गेलेल्या जयपाल या मुळात चळवळीतल्या. ११ सप्टेंबर २००१ नंतर स्थलांतरितांवर हल्ले सुरू झाले तेव्हा त्यांनी सिॲटलमध्ये संघटना उभी केली होती. मोर्च्याला आलेला माणूस आणि काम अंगावर घेणारा माणूस यांतला फरक त्यांना ठाऊक होता.

म्हणून या गटाचं पहिलं काम अभ्यासवर्गांचं होतं. सदस्य आणि त्यांच्या कार्यालयातल्या साहाय्यकांसाठी सार्वत्रिक आरोग्यसेवेची ओळख, तिचं अर्थकारण, इतर देशांतल्या पद्धती अशा विषयांवर माहितीसत्रं घ्यायची, असं ठरलं. हे काम वृत्तवाहिन्यांवर दिसत नाही. पण अमेरिकी संसदेत विधेयकाचा तपशील वाचतात ते साहाय्यकच, आणि आपल्या सदस्याला 'यावर सही करा' किंवा 'जपून राहा' असं सांगतातही तेच. त्यांना धरणं हा शहाणपणाचा निर्णय होता.

डेबी डिंगेल यांच्या असण्याला वेगळं वजन होतं. त्यांचे सासरे जॉन डिंगेल (थोरले) १९४३ च्या राष्ट्रीय आरोग्य विमा विधेयकाच्या तीन कर्त्यांपैकी एक. नवरा जॉन डिंगेल १९५५ पासून तब्बल ५९ वर्षं प्रतिनिधीगृहात होते; वडिलांचं विधेयक ते दर नव्या संसदेत न चुकता मांडत, आणि १९६५ मध्ये मेडिकेअर मंजूर झालं तेव्हा सभागृहाच्या अध्यक्षांच्या खुर्चीवर तेच बसले होते. ही मागणी काल-परवाच्या डाव्यांचं खूळ आहे, असं म्हणणाऱ्याला या एका घरात उत्तर मिळत होतं.

सत्ता आली, नावं घटली

नोव्हेंबर २०१८ च्या निवडणुकीत डेमोक्रॅट्सनी निव्वळ ४० जागा जास्त जिंकल्या आणि प्रतिनिधीगृह त्यांच्या हातात आलं. जानेवारीत सभागृहाचे नियम ठरवताना पहिला पेच पडला. नव्या खर्चाची सोय आधी दाखवलीच पाहिजे, असा एक नियम त्यात होता. पक्षाच्या डाव्या फळीतल्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्तेझ आणि रो खन्ना यांनी त्यामुळे नियमांच्या विरोधात मत दिलं. जयपाल बाजूनं राहिल्या, आणि 'मेडिकेअर फॉर ऑल'वर समितीत सुनावणी घ्यायला सभापती नॅन्सी पेलोसी यांचा पाठिंबा पदरात पाडून घेतला. यावरून त्यांच्यावर टीका झाली, मला ती पटत नाही. सोळा वर्षं फिरणाऱ्या विधेयकाला एकही सुनावणी मिळाली नव्हती, ती त्यांनी मिळवली.

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी नवं विधेयक आलं, एच.आर. १३८४. जॉन डिंगेल जाऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. मसुदा शंभराहून अधिक पानांचा होता आणि त्यातला तपशील पाहिला की मागे झालेलं काम कळतं. दोन वर्षांत सगळा देश नव्या योजनेत येणार. हप्ता नाही, कोपे नाही. दात, डोळे, मानसिक आरोग्य यांच्या जोडीला वृद्ध आणि अपंगांची दीर्घकालीन शुश्रूषाही त्यात आहे. हॉस्पिटलांना प्रत्येक इंजेक्शन-पट्टीचं बिल पाठवायची गरज नाही. दर तिमाहीला एक ठोक अंदाजपत्रक वाटाघाटीनं ठरणार. विमा कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या नोकऱ्या जाणार हे मान्य करून त्यांच्या पुनर्वसनासाठी पहिली काही वर्षं निधीही राखून ठेवला होता. पात्रतेसाठी नागरिकत्वाची अट नाही, रहिवास पुरे. पुण्याहून मुलाकडे कायमचं राहायला गेलेल्या, पण मेडिकेअरसाठी पाच वर्षं थांबावं लागणाऱ्या आई-वडिलांचा विचार केला की या एका कलमाचं मोल लक्षात येतं.

आणि तरीही मांडताना विधेयकावर सहप्रस्तावकांची नावं होती १०६. आधीच्या संसदेत पक्षाचे दोनशेच्या आत सदस्य असताना १२० हून अधिक नावं होती, आता २३५ सदस्य असताना त्याहून कमी. एलिसन स्वतः मिनेसोटाचे ॲटर्नी जनरल होऊन संसदेबाहेर गेले होते, हे एक. पण मुख्य कारण उघड आहे. विधेयक आता खरोखर पुढे सरकू शकत होतं, म्हणजे नाव देण्याला किंमत आली होती. शिवाय पक्षानं नव्यानं जिंकलेल्या जागा बहुतेक उपनगरी, मध्यममार्गी मतदारसंघांतल्या होत्या. तिथल्या सदस्यांना ओबामाकेअरची डागडुजी पुरेशी वाटत होती, आणि 'तुमचा सध्याचा विमा बंद होईल' हे वाक्य विरोधी जाहिरातीत कसं वाजेल हे त्यांना पक्कं माहीत होतं.

४३५ जणांच्या सभागृहात बहुमत २१८ चं. म्हणजे निम्मं अंतर बाकी होतं, आणि पुढे सिनेटमध्ये साठ मतांची भिंत, कारण तिथे चर्चा लांबवून विधेयक अडवता येतं आणि ती थांबवायला साठ मतं लागतात.

३० एप्रिल २०१९

पहिली सुनावणी नियम समितीपुढे झाली. समिती तेरा जणांची, अध्यक्ष जिम मॅकगव्हर्न. आरोग्य किंवा करांचा विषय खरं तर या समितीचा नाही, ज्यांचा होता त्या समित्यांची पाळी नंतर आली. पण त्या दिवसाची साक्ष लक्षात राहिली आहे.

साक्षीदार होते एडी बार्कन. वय पस्तीस, वकील आणि कार्यकर्ते, २०१६ मध्ये एएलएसचं, म्हणजे स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणाऱ्या असाध्य आजाराचं, निदान झालेलं. शरीर जवळपास पूर्ण लुळं पडलेलं, वाचा गेलेली. डोळ्यांच्या हालचालींवरून अक्षरं टिपणाऱ्या संगणकाच्या आवाजात ते बोलले. त्यांच्याकडे खासगी विमा होता, चांगल्यांपैकी. तरी घरी चोवीस तास लागणाऱ्या शुश्रूषेचा महिना सुमारे ९,००० डॉलरचा खर्च विमा कंपनी देत नव्हती. जे थोडे दिवस उरलेत ते बायको आणि लेकराबरोबर घालवायचे सोडून बिलांशी आणि कागदपत्रांशी भांडण्यात जातात, असं त्यांनी सांगितलं. सावकाश जाऊ या म्हणणाऱ्यांना त्यांचं उत्तर होतं की मला ही योजना कालच हवी होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते वारले.

माझ्या दृष्टीनं हे गटाचं सगळ्यात मोठं यश. संसदेच्या इतिवृत्तात आता ही साक्ष आहे. पुढच्या काही महिन्यांत अर्थसंकल्प समिती, करविषयक समिती आणि ऊर्जा व वाणिज्य समिती यांनीही हा विषय सुनावणीला घेतला. २०१८ च्या आधी याची कल्पनासुद्धा कुणी केली नसती.

पैशाचं न लिहिलेलं प्रकरण

गट स्थापन होऊन दोन आठवडेही उलटले नव्हते तेव्हा मर्केटस सेंटर या संशोधन संस्थेच्या चार्ल्स ब्लाहाउस यांचा अंदाज प्रसिद्ध झाला : सँडर्स यांच्या योजनेमुळे संघराज्याचा खर्च दहा वर्षांत ३२.६ लाख कोटी डॉलरनं वाढेल. आकडा सगळीकडे वाजला. त्याच अहवालाच्या हिशेबात देशाचा एकूण आरोग्यखर्च मात्र किंचित कमी भरत होता, कारण लोक आणि कंपन्या आज जे हप्ते भरतात ते थांबणार होते. म्हणजे पैसा नवा नव्हता, खिसा बदलत होता. संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयानं डिसेंबर २०२० मध्ये सिंगल-पेयरच्या पाच आराखड्यांचा हिशेब मांडला, तोही याच दिशेचा. २०३० या एका वर्षात सरकारी खर्च दीड ते तीन लाख कोटी डॉलरनं वाढेल. देशाचा एकूण आरोग्यखर्च मात्र आराखड्यानुसार ०.७ लाख कोटी डॉलरनं घटण्यापासून ०.३ लाख कोटींनी वाढण्यापर्यंत कुठेही असू शकेल.

ही गोष्ट लोकांना पटवायला एकच मार्ग होता. अमुक पगाराच्या घराचा आज हप्ता इतका, खिशातला खर्च इतका. उद्या कर इतका. फरक इतका, असं आकड्यांत लिहून द्यायचं. एच.आर. १३८४ मध्ये कर कुणावर, किती, याचं एकही कलम नाही. सँडर्स यांनी निदान पर्यायांची यादी वेगळी दिली होती.

असं का केलं असावं, हे समजू शकतं. व्हर्मांटचं उदाहरण ताजं होतं. त्या राज्यानं २०११ मध्ये सिंगल-पेयरकडे जाण्याचा कायदा केला. पण आकडे पुढे आले तेव्हा कंपन्यांवर पगाराच्या ११.५ टक्के आणि कुटुंबांवर उत्पन्नाच्या ९.५ टक्क्यांपर्यंत कर लागणार असं दिसलं, आणि १७ डिसेंबर २०१४ रोजी गव्हर्नर पीटर शमलिन यांनीच योजना सोडून दिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीतल्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी धाडस करून २०.५ लाख कोटी डॉलरच्या नव्या सरकारी खर्चाचा हिशेब मांडला, आणि दोन आठवड्यांत त्यांना टप्प्याटप्प्यानं जाण्याची भाषा करावी लागली. आकडा दाखवला की मार बसतो, हे सगळ्यांना दिसत होतं.

पण आकडा न दाखवल्यानंही मार चुकला नाही, तो दुसऱ्याच्या हातून बसला. आरोग्यधोरणाचा अभ्यास करणाऱ्या कैसर फॅमिली फाउंडेशनच्या जानेवारी २०१९ च्या पाहणीत ५६ टक्के लोक योजनेच्या बाजूनं होते. आरोग्यविमा हा प्रत्येकाचा हक्क ठरेल असं सांगितल्यावर पाठिंबा ७१ टक्क्यांवर गेला. बहुतेकांना जास्त कर भरावा लागेल असं सांगितलं की तो ३७ वर आला, आणि काही उपचारांना उशीर होईल म्हटल्यावर २६ वर. हप्ता वाचेल आणि कर वाढेल, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. त्यातलं फक्त दुसरं ऐकू येईल याची तजवीज विमा कंपन्या, औषध कंपन्या आणि हॉस्पिटलांनी २०१८ मध्येच एक आघाडी उभारून केली होती. पहिलं वाक्य आकड्यांनिशी सांगायची जबाबदारी गटाची होती.

कामगार संघटनांमध्ये हाच प्रश्न वेगळ्या तोंडानं आला. नेवाडातल्या हॉटेल-कॅसिनो कामगारांच्या क्युलिनरी युनियननं संघर्ष करून स्वतःची उत्तम आरोग्य योजना मिळवली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सँडर्स यांच्या प्रस्तावामुळे ती जाईल, असं पत्रक युनियननं काढलं. पगारवाढ सोडून मिळवलेली गोष्ट कुणी कागदावरच्या आश्वासनासाठी का सोडावी? उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती डिंगेल यांच्याच राज्यात दिसली. सप्टेंबर २०१९ मध्ये जनरल मोटर्सचे कामगार संपावर गेले आणि कंपनीनं लगेच त्यांच्या विम्याचे पैसे भरणं थांबवलं. बोभाटा झाल्यावर काही दिवसांनी निर्णय फिरवला. विमा मालकाच्या हातात असतो तेव्हा संपाच्या वेळी त्याचं काय होतं, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या आठवड्यानं स्पष्ट केलं. गटाच्या हाती आलेला हा सगळ्यात मजबूत युक्तिवाद होता, आणि मला वाटतं तो हवा तितका वापरला गेला नाही.

मतदान घ्यायचं की नाही

डिसेंबर २०२० मध्ये डाव्या बाजूच्या काही कार्यकर्त्यांनी आणि टीकाकारांनी आग्रह धरला की पेलोसी यांना सभापतिपदासाठी मत देण्याच्या बदल्यात विधेयकावर मतदान घ्यायला लावा. हरलात तरी कोण कुठे उभं आहे ते कळेल. पेलोसी यांना ३ जानेवारी २०२१ रोजी २१६ मतं मिळाली, विरोधात २०९. म्हणजे मूठभर सदस्यांनी अडवलं असतं तर खरंच पेच पडला असता. गटातल्या सदस्यांनी ते केलं नाही. कोविडची साथ ऐन भरात असताना सभापतिपद रिपब्लिकनांच्या हाती जाण्याचा धोका त्यांना नको होता.

इथे माझं मत त्यांच्या बाजूनं आहे. हरलेलं मतदान पुढच्या वेळी 'हे तर फेटाळलंच आहे' म्हणायला वापरलं जातं. पण ज्या नोंदीची मागणी होती ती रास्त होती. कोण कशावर अडलंय, करावर, युनियनच्या योजनेवर की हॉस्पिटलांच्या दरावर, हे गटानं समित्यांमधून, दुरुस्त्या मागवून जाहीरपणे काढून घ्यायला हवं होतं. सुनावण्या झाल्या, पण विधेयकाच्या कलमांवर समितीत चर्चा आणि मतदान कधीच झालं नाही, आणि २०२१-२२ ची दोन वर्षं सत्ता असूनही निघून गेली.

आता जयपाल आणि डिंगेल विधेयक मांडत राहिल्या आहेत : मार्च २०२१, मे २०२३, एप्रिल २०२५. प्रत्येक वेळी नावं शंभराच्या आसपास किंवा थोडी वर. मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून २०२२ आणि २०२४ मध्ये श्री ठाणेदार निवडून आले, चिकोडीत जन्मलेले, मराठी बोलणारे. २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी सिंगल-पेयरचा पुरस्कार केला होता. सीमा बदलल्या असल्या तरी हा क्रमांक कॉनयर्स यांच्या शेवटच्या मतदारसंघाचा, आणि डेट्रॉइटचा मोठा भाग आजही त्यातच येतो.

प्रतिनिधीगृह सध्या रिपब्लिकनांकडे आहे, त्यामुळे सुनावणीची आशा नाही. पण पैशाचं प्रकरण लिहायला बहुमत लागत नाही. कंपनी आज कामगारामागे भरते तो हप्ता नव्या व्यवस्थेत पगारावरच्या करात कसा येईल, युनियनांनी पगारवाढ सोडून मिळवलेल्या योजनेची वाचलेली रक्कम करारानं कामगाराच्या हातात परत कशी येईल, ग्रामीण हॉस्पिटलांना कोणता दर मिळेल : ही कलमं मसुद्यात घालून त्यावर सह्या मागाव्यात. नावं शंभरावरून साठवर आली तरी चालेल. त्या साठ जणांना आपण कशावर सही केली हे कोणत्याही सभेत सांगता येईल, आणि उरलेल्या १५८ जणांपैकी प्रत्येकजण नेमका कुठे अडलाय तेही विचारता येईल.